ओटा वाढवताना

आमच्या घरात रात्रंदिवस चालू असणाऱ्या वस्तू दोनच. एक फ्रीज आणि दुसरी माडीवरच्या खोलीतली पेटी. पेटी हे सासूबाईंनी दिलेलं नाव. लेक तिला होम सर्व्हर म्हणते. दिसायला साधा कॉम्प्युटरचा काळा डबा, पण पुढे स्क्रीन नाही की कीबोर्ड नाही. एक वायर इंटरनेटच्या डबीकडे गेलेली, दुसरी यूपीएसकडे. घरातले फोटो, कागदपत्रं, सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, सगळं तिच्यात. पुण्यातली लेक, कोल्हापूरची जाऊ, इथं बेळगावात आम्ही, जो तो आपापल्या फोनवरून उघडतो आणि बघतो. महिन्याच्या महिन्याला कुणाला भाडं द्यायचं नाही, आणि आपल्या वस्तू आपल्याच छताखाली.

आता ही पेटी नुसती आमच्या घरापुरती राहिलेली नाही. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो ना? कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिरोळ तालुक्यातल्या आमच्या वन्संच्या घरात शिरलं. माणसं वेळेत बाहेर पडली, पण कपाटाच्या खालच्या खणातले अल्बम पाण्यात राहिले. पाणी उतरल्यावर वन्सं ते ओले गठ्ठे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "वहिनी, भांडी परत घेता येतात. हे कुठनं आणू?"

एकमेकांना चिकटलेले फोटो तसेच वाळले की पुन्हा सुटत नाहीत. ते स्वच्छ पाण्यात भिजवून, एकेक अलगद सोडवून, चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत वाळवावे लागतात. पापड घालावेत तसे आम्ही घरभर फोटो घातले होते. मामंजींचा एक फोटो फ्रेमच्या काचेलाच चिकटला होता. तो ओढला असता तर चेहरा काचेवर राहिला असता, म्हणून काचेसकट स्कॅनरवर ठेवला. ही बातमी कळली तशा आमच्या महिला मंडळातल्या बायका आपापल्या माहेरचे, सासरचे अल्बम घेऊन येऊ लागल्या. बघता बघता चाळीसेक घरांचे फोटो पेटीत आले. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या कितीतरी मूळ फोटोंना बुरशी लागली, रंग सुटले, काही टाकून द्यावे लागले. म्हणजे आधी जी प्रत होती तीच आता मूळ झाली. ती कुणाच्या आईची, कुणाच्या गेलेल्या भावाची एकुलती खूण होती.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते, की पुढं मी जे काही सांगणार आहे ते ऐकून कुणी म्हणेल, घरातल्या एका कॉम्प्युटरसाठी एवढा कुटाणा कशाला? तो कुटाणा कॉम्प्युटरसाठी नव्हता. दुसऱ्याची ठेव जवळ असली की आपल्या हाताला वेगळं वळण लागतं.

गेल्या वर्षी लेकीनं पेटीत एक नवीन सोय घातली. फोटोतले चेहरे ओळखून ती एकाच माणसाचे सगळे फोटो एकत्र करते. बायकांना फार आवडली. "माझ्या आजीचे सगळे दाखव," म्हटलं की लग्नातले, बारशातले, कोपऱ्यात अर्धे दिसणारे, सगळे एका ओळीत. पण पेटीला ते झेपेना. दोन-तीन जणींनी एका वेळी उघडलं की गाडी रुतल्यासारखी व्हायची, आणि मधेच ते काम आपोआप बंद पडायचं. लेकीनं पुण्यातून बसल्या जागी तपासलं आणि म्हणाली, "आई, मेमरी कमी पडतेय. आठ जीबी आहे, बत्तीस करू या."

मला आधी वाटलं, मेमरी म्हणजे साठवण. मग फोटो मावेनात की काय? तेव्हा तिनं जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. डिस्क म्हणजे कोठीची खोली. तिथं धान्य वर्षभर राहतं, दिवे गेले तरी राहतं. मेमरी, म्हणजे रॅम, हा स्वयंपाकाचा ओटा. कोठीतनं काढलेली वस्तू आधी ओट्यावर येते, तिथं निवडणं, चिरणं, मळणं होतं आणि मग ती जिथं जायची तिथं जाते. वीज गेली की ओटा साफ. ओटा लहान असला तर माणूस परात जमिनीवर ठेवतो, पुन्हा उचलतो, पुन्हा ठेवतो. पेटीही तेच करत होती. जागा संपली की ओट्यावरचं सामान डिस्कवर नेऊन ठेवायचं, लागलं की परत आणायचं. आणि अगदीच जागा उरली नाही की एखादं काम मारून टाकायचं.

म्हणजे ओटा वाढवायचा. सोपं वाटतं. पण या उपमेतच पुढची भीतीही आहे. कोठीत जाणारी प्रत्येक वस्तू ओट्यावरूनच जाते. ओट्यालाच कुठं तडा असला, त्यात काही साचलं असलं, तर ते कोठीत जाणाऱ्या प्रत्येक डब्यात जाणार, आणि डब्याचं झाकण लावल्यावर कुणाला कळणारही नाही.

आमचे हे आयुष्यभर हिशेबाच्या कामात राहिलेले. ते म्हणाले, "चालतंय ते चालू द्या की. चालत्या यंत्राला हात लावू नये." मी सहसा असल्या बोलण्याला मान डोलवत नाही, पण यात तथ्य होतं. रोज बिनतक्रार चालणाऱ्या वस्तूत बदल केला की त्या बदलाबरोबर तिची जुनी खात्रीही जाते. नवी खात्री नव्यानं मिळवावी लागते. त्यांचं म्हणणं होतं, हातच लावू नका. माझं म्हणणं पडलं, हात लावू या, पण ती खात्री मिळेपर्यंत थांबू या. दोन दिवस अबोला झाला, तिसऱ्या दिवशी त्यांनी पैसे काढून दिले.

रॅमच्या एका पट्टीत काय असतं ते लेकीनं सांगितलं तेव्हा मी तिला दोनदा विचारलं. सोळा जीबीच्या पट्टीत १३ हजार ७०० कोटींहून जास्त बारीक खाने. प्रत्येकात एक किंवा शून्य. एक म्हणजे त्या खान्यात विजेचा इवलासा भार आहे, शून्य म्हणजे नाही. तो भारही टिकत नाही, गळत राहतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळे खाने वाचून पुन्हा भरावे लागतात. आपण एकदा 'णमो' म्हणेपर्यंत ही भरणी कितीदा तरी होऊन जाते. एवढ्या कोटींत एखादा खाना कच्चा निघाला तर नवल नाही. २००९ साली गूगलच्या सर्व्हरांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की वर्षभरात दर शंभर पट्ट्यांतल्या आठांहून जास्त पट्ट्यांत निदान एक तरी चूक होते.

आणि एक खाना उलटला तर काय होतं? बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक नावाच्या गावात एका उमेदवाराला बरोब्बर ४०९६ मतं जास्त मिळाली. त्या मतदानाच्या पद्धतीत तेवढी मतं मिळणंच अशक्य होतं, म्हणून शंका आली. ४०९६ म्हणजे एकाला दोननं बारा वेळा गुणून येणारा आकडा. यंत्राच्या मोजणीतला एक खाना शून्याचा एक झाला की नेमकी तेवढीच वाढ होते. तपासणाऱ्यांना दुसरं काही कारण सापडलं नाही. तिथं आकडा अशक्य होता म्हणून पकडला गेला. पण फोटोत एक खाना उलटला तर? कधी काहीच दिसत नाही. कधी एका रेषेपासून खालचा सगळा फोटो करडा किंवा जांभळा. चेहरा राहतो, धड जातं. किंवा उलट.

हे वाचताना मला आपली श्रुतपंचमीची गोष्ट आठवत राहिली. तुम्हा सगळ्यांना ती ठाऊक आहे, पण यावेळी ती मला निराळी ऐकू आली. गिरनारच्या चंद्रगुंफेत धरसेन आचार्यांना काळजी पडली, की स्मरणात राहिलेलं श्रुत आपल्याबरोबर जाईल. दोन तरुण साधू आले. आचार्यांनी लगेच शिकवायला सुरुवात केली नाही. आधी दोघांना एकेक मंत्र दिला. एकात एक अक्षर जास्त, दुसऱ्यात एक कमी. साधना झाल्यावर देवी दिसल्या त्या एक पुढं आलेल्या दातांची आणि एक एका डोळ्याची. देवता अशा नसतात, तेव्हा मंत्रातच काही चुकलंय हे दोघांनी ओळखलं, अक्षरं शुद्ध केली आणि पुन्हा साधना केली. मग आचार्यांनी त्यांना ज्ञान दिलं. तेच पुष्पदंत आणि भूतबली, ज्यांनी षट्खंडागम लिहिला. लहानपणी मला या गोष्टीत देवीच लक्षात राहायच्या. आता लक्षात आली ती परीक्षा. ज्याच्यावर ठेव सोपवायची त्याला एका अक्षराची चूक कळते का, हे सोपवण्याआधी बघून घ्यायचं.

मोठ्या सर्व्हरांत अशी चूक ओळखणारी रॅम असते. तिला ईसीसी म्हणतात. चौसष्ट खान्यांमागे आठ जादा खाने पहारेकरी म्हणून ठेवलेले असतात. एक खाना उलटला तर ते तो ओळखून जागच्या जागी सरळ करतात, दोन उलटले तर निदान ओरड करतात. यामागचं मूळ गणित बेल लॅबोरेटरीजमधल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली मांडलं. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठं झाली तेही कळवून घेऊ या आणि दुरुस्त करू या, हा त्यांचा विचार. मी लेकीला म्हटलं, मग आपण तीच घेऊ. पण त्यासाठी मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही तसे लागतात, आणि आमची पेटी म्हणजे साधा घरगुती कॉम्प्युटर. पूर्ण पेटीच बदलण्याएवढे पैसे नव्हते. आत पहारेकरी नाहीत, तेव्हा पहारा आम्हालाच बाहेरून द्यायचा होता.

आम्ही ठरवलं ते क्रमानं सांगते, कुणाच्या घरी उपयोगी पडेल.

पहिलं, सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या एकाच पुडक्यातल्या, जोडीनं विकल्या जाणाऱ्याच घ्यायच्या. पेटीत खाचा चार होत्या, जुन्या चार जीबीच्या दोन पट्ट्याही ठेवून सगळ्या भरल्या असत्या तर एकूण चाळीस जीबी झाले असते. माझा हात आखडेना. चांगल्या पट्ट्या काढून का ठेवायच्या? पण लेक म्हणाली, चारी खाचा भरल्या की मेमरी सांभाळणाऱ्या भागावर ताण वाढतो, आणि निराळ्या मापाच्या, निराळ्या वयाच्या पट्ट्या एकत्र नांदतीलच असं नाही. आठ जीबीच्या लोभापायी ते कशाला? जुनी जोडी नीट गुंडाळून ठेवायची. नवीन बिघडली तर परतीची वाट हवी.

दुसरं, वेग वाढवायचा नाही. पट्टीवर छापलेला मोठा वेग गाठायला कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये एक्सएमपी नावाची सोय असते. खेळ खेळणारी मुलं ती चालू करतात. आमच्या प्रोसेसरच्या मापापेक्षा तो वेग जास्त होता. आम्हाला शर्यत लावायची नव्हती. पट्टी ज्या साध्या वेगावर निवांत चालते त्यावरच ठेवली.

तिसरं, एका वेळी एकच बदल. पेटी उघडतोच आहोत तर तिचं मूळ सॉफ्टवेअर, ते बायोस म्हणतात ते, पण नवीन टाकू या, असं लेकीच्या मनात होतं. इथं मात्र मी अडले. लोणच्यात नवा मसाला आणि नवं तेल एकाच वर्षी घातलं आणि लोणचं बिघडलं, तर दोष कुणाला देशील? ती हसली, पण ऐकलं.

चौथं, आधी ठसे. जुनी मेमरी अजून आत आहे, सगळं नीट चाललंय, तेव्हाच प्रत्येक फाइलचा एक ठसा काढून ठेवायचा. चौसष्ट अक्षरांची एक ओळ. फाइलमधला एक खाना जरी बदलला तरी ठसा पूर्ण निराळा येतो. अंगठ्याच्या ठशासारखंच. त्या ठशांची यादी आणि सगळ्या फोटोंची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क आम्ही पुण्याला लेकीकडे पाठवली. घरातली प्रत घरातच ठेवून काय उपयोग? वन्संच्या घरी आम्ही ते पाहिलं होतं. आणि परीक्षा पुरी होईपर्यंत नवीन प्रत घ्यायची नाही असंही ठरवलं, कारण प्रत काढणारं यंत्र चूकही तेवढ्याच प्रामाणिकपणे उतरवतं. बिघडलेल्या फोटोची प्रत चांगल्या प्रतीवर जाऊन बसली की मग कुणाकडं बघायचं?

पट्ट्या आणल्या त्या शहरातल्या एका दुकानातून. आषाढाचे दिवस, बाहेर बेळगावचा पाऊस. लेक व्हिडिओ कॉलवर होती. "आई, तूच उघड, मी सांगते." प्लग काढला. चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, आत उरलेली वीज निघून जावी म्हणून. नायलॉनची साडी बदलून सुती नेसले, बांगड्या काढल्या, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला. आपल्या अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण या पट्ट्यांना ती पुरते. दमट हवेत ती कमी असते, त्यामुळं पाऊस त्या दिवशी आमच्या बाजूचा. डब्यात एक कोळी राहत होता. त्याला कागदावर घेऊन कुंडीत सोडला, मऊ ब्रशनं धूळ काढली.

सगळ्यात आधी दोन्ही डिस्कच्या वायरी काढून ठेवल्या. परीक्षा मेमरीची आहे, तेव्हा तोपर्यंत कोठीचं दार बंद. मग जुन्या पट्ट्या. दोन्ही बाजूचे चिमटे उघडले की पट्टी आपण होऊन वर येते. नवीन बसवताना पट्टीच्या खालच्या कडेतला छोटा खाचा आणि मदरबोर्डवरचा उंचवटा जुळवून, दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबायची. चिमट्याचा टक आवाज आला की बसली. त्या रात्री एकच पट्टी बसवली. बटण दाबलं. टीव्ही जोडला होता, त्यावर काळोख. एक मिनिट, दीड मिनिट. माझ्या पोटात गोळा. लेक म्हणाली, "थांब. नवीन मेमरी पहिल्यांदा दिसली की बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो, त्याला वेळ लागतो. बंद करू नकोस." नवी सून आल्यावर घराला लागतो तेवढा वेळ तर द्यायलाच हवा. दुसऱ्या मिनिटाला अक्षरं आली.

परीक्षा घेणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालतो. मेमटेस्ट. त्याची पहिली आवृत्ती १९९४ सालची. तो काय करतो? प्रत्येक खान्यात शून्य लिहितो आणि वाचून बघतो. एक लिहितो, वाचून बघतो. मग आलटून पालटून, मग उलट दिशेनं, मग निराळ्या नक्षीनं. शेजारच्या खान्यात लिहिल्यानं याचा भार हलतो का, तेही बघतो. एक फेरी पुरी करायला तास लागतात, आणि आम्ही प्रत्येक पट्टीला चार फेऱ्या ठरवल्या होत्या. सूर्यास्ताआधीचं जेवण झाल्यावर सुरू करायचं आणि सकाळी बघायचं.

पहिली पट्टी पास झाली. दुसऱ्या रात्री दुसरी लावली. सकाळी दूध तापायला ठेवून वर गेले तर टीव्हीवर लाल ओळी. पहिल्या फेरीत काही नव्हतं, दुसऱ्या फेरीत, पट्टी चांगली तापल्यावर, चुका सुरू झालेल्या. लिहिलं होतं एक, वाचलं दुसरंच, अमुक खान्यात. एकूण अकरा. कोट्यवधींत अकरा! दूध उतू गेलं ते सासूबाईंनी उतरवलं.

लेक म्हणाली, "घाई नको. दोष पट्टीचा आहे की खाचेचा ते बघू." म्हणून तीच पट्टी दुसऱ्या खाचेत लावली आणि पहिली, पास झालेली, या खाचेत. आणखी दोन रात्री गेल्या. चुका पट्टीबरोबर फिरल्या. खाच निर्दोष.

दुकानातल्या मुलानं ती पट्टी त्याच्या कॉम्प्युटरात लावून दाखवली. "काकू, चालू होतंय बघा की. विंडोज येतंय, मग काय झालं?" मी टीव्हीचे फोटो दाखवले. तो म्हणाला, "अकरा म्हणजे काय हो! स्वल्प ॲडजस्ट माडरी." मी म्हटलं, "बाबा, तुझ्या खात्यातल्या आकड्यात एकच शून्य इकडचं तिकडं झालं तर तू ॲडजस्ट करशील?" तो हसला, मागनं मालक आले, त्यांनी फोटो निरखून बघितले आणि पूर्ण जोडी बदलून दिली. बरेच जण अशी पट्टी आयुष्यभर वापरतात आणि कॉम्प्युटर अधूनमधून अडतो त्याला व्हायरस म्हणतात, असंही तेच म्हणाले.

घरी येताना रिक्षात मी हाच विचार करत होते. चालू होणं आणि बरोबर असणं यात केवढं अंतर आहे. ती पट्टी लावून त्याच दिवशी डिस्क जोडल्या असत्या तर पेटी छान चालली असती. चेहरे भराभर ओळखले असते. बायका खूश झाल्या असत्या. आणि हळूहळू, महिन्याला एखादा, कुणाच्या तरी आईचा फोटो खालून करडा होत गेला असता, आणि तो कुणी उघडून बघेपर्यंत वर्षं गेली असती. बंद पडणारं यंत्र निदान सांगतं तरी. चालत राहून चुकणारं यंत्र जास्त घातक.

दुसरी जोडी चारही फेऱ्यांत निर्दोष निघाली, एकेकटी आणि मग दोन्ही मिळून. एकेकट्या पास झाल्या तरी एकत्र बसवून पुन्हा बघावं लागतं. ते का, हे एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला समजवायला नको. मग डिस्क जोडल्या. सगळे ठसे पुन्हा काढून जुन्या यादीशी ताडून पाहिले. सगळे जुळले. तरीही चेहरे ओळखणारी सोय पंधरा दिवस बंदच ठेवली. रोज सकाळी माझ्या वहीत तारीख, किती मेमरी वापरात, काही अडलं का, एवढं लिहीत होते. सोळाव्या दिवशी ती सोय चालू केली. अर्ध्यापेक्षा जास्त ओटा रिकामाच असतो आता. ह्यांनी मंडळाच्या बायकांसमोर "आमच्या पेटीत बत्तीस जीबी आहे" असं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

या साऱ्यात पट्टी बसवायला लागली फक्त दहा मिनिटं. बाकीचे दिवस गेले ते खात्री करण्यात. घरातल्या कामांचंही असंच असतं नाही का? केलेलं दिसतं, राखलेलं दिसत नाही. कोठीत कीड लागली नाही, लोणचं नासलं नाही, कुणाची ठेव हरवली नाही, याची नोंद कोण घेतं? पण मला वाटतं, आपल्याला हे काम येतं, पिढ्यान् पिढ्या येतं, आणि यंत्र समोर आलं म्हणून ते विसरायचं कारण नाही.

यंदा श्रुतपंचमीला बसदीत पोथ्या काढल्या, झटकल्या, नवीन वेष्टनं बांधली. घरी आल्यावर मी पेटीतले ठसे पुन्हा ताडायला लावले. हे आता दर वर्षी करायचं ठरवलंय. यादी संपली, एकही वेगळा नाही. वहीत लिहून ठेवलं.

तो पेनड्राइव्ह मात्र घरात फारसा राहत नाही. कुणाच्या मुलाचा कॉम्प्युटर अडतो, कुणाच्या दुकानातला हिशेब चुकतो, की इडलीपात्र मागावं तसा मागायला येतात. मी देते. देताना एवढंच सांगते, "रात्रभर ठेव. पहिली फेरी बघून उठू नको."